पार्प-१ च्या ब्लॉटमध्ये नको असलेली पट्टी, मदत हवी आहे

मंडळी, दोन आठवडे एकाच वेस्टर्न ब्लॉटवर (जेलमध्ये प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीने ओळखायची चाचणी) अडकले आहे. हेला पेशींमध्ये (माणसाच्या कर्करोगाच्या पेशी) पार्प-१ हे डीएनए दुरुस्तीचं प्रथिन बघतेय. सशाची पॉलिक्लोनल अँटीबॉडी, १:१०००, रात्रभर ४ अंशांवर. ११६ किलोडाल्टनची (प्रथिनाच्या वजनाचं एकक), म्हणजे अख्ख्या पार्प-१ ची पट्टी झकास येते. पण खाली ८९ लाही एक बारीक, ठसठशीत पट्टी आहे, आणि तीही औषध न दिलेल्या कंट्रोलमध्ये!

पेशी मरताना कॅस्पेज-३ या एन्झाइमने पार्प-१ कापलं की ८९ आणि २४ चे तुकडे पडतात, हे माहीत आहे. २४ चा दिसत नाही, पण ८ टक्क्यांच्या जेलमधून तो केव्हाच बाहेर पडला असणार. कंट्रोलच्या पेशी मात्र सूक्ष्मदर्शकाखाली धडधाकट दिसतात. हां, फ्लास्क जरा जास्तच भरला होता, आणि तरंगणाऱ्या पेशीही मी गोळा केल्या होत्या. (प्रथिनं तुटू न देणारा प्रोटिएज इन्हिबिटर एकदा उशिरा घातला, तेही कबूल.)

आता आधी काय करू? फक्त कापलेला तुकडा ओळखणारी अँटीबॉडी मागवू, की पार्प-१ नॉकआउट (ज्यांत हे प्रथिन बनतच नाही अशा) पेशींचा लायसेट (पेशी फोडून काढलेला अर्क) शेजारी चालवून बघू? दुधाऐवजी बीएसएने (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) ब्लॉकिंग केल्यावर, म्हणजे अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून पडदा झाकल्यावर, कोणाची अशी पट्टी गेली आहे का?