मदत हवी आहे: सिद्धता समजते, पण लिहिता येत नाही

पाऊलवाट:
मी गणित घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात फळ्यावरची प्रत्येक ओळ समजते, परंतु घरी कोऱ्या कागदापुढे बसले की पहिले वाक्यच सुचत नाही. चाचणीत दीड पान लिहूनही दहापैकी दोनच गुण मिळाले. परीक्षा बारा दिवसांवर आली आहे, तेव्हा कृपया लवकर उपाय सांगावा.

लंबक:
प्रश्न कोणता होता आणि शिक्षकांनी खूण कोठे केली, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

जुनी पाटी:
शाळेत भूमितीला आपण पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असे लिहीत होतो, ती सवय महाविद्यालयात गेल्यावर का सुटते हे मला कधीच उमगले नाही. आधी पक्ष आणि साध्य स्वतंत्र ओळींवर लिहा. पक्षातली एखादी गोष्ट न वापरताच सिद्धता पूर्ण झाली, तर बहुधा कोठेतरी चूक असते.

पाऊलवाट:
विषय रिअल अ‍ॅनालिसिस (वास्तव संख्या आणि त्यांवरील फलांचा काटेकोर अभ्यास) आहे, हे लिहायचे राहिले. क्ष² हे फल क्ष = २ पाशी संतत आहे, हे एप्सिलॉन-डेल्टाने दाखवायचे होते; म्हणजे कोणताही धन एप्सिलॉन दिला, तरी असा धन डेल्टा सापडतो, की क्ष हा २ पासून डेल्टापेक्षा कमी अंतरावर असला की क्ष² हे ४ पासून एप्सिलॉनपेक्षा कमी अंतरावर राहते. मी डेल्टा = एप्सिलॉन / |क्ष + २| घेतला आणि पुढचे सगळे बरोबर जुळले. सरांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारून "डेल्टामध्ये क्ष कोठून आला?" एवढेच लिहिले आहे.

लंबक:
चूक तेथेच आहे. व्याख्येतला क्रम पाहा: आधी एप्सिलॉन दिला जातो, त्यावरून आपण डेल्टा ठरवतो आणि त्यानंतर क्ष येतो. जो अजून आलेलाच नाही, त्याच्यावर डेल्टा बेतता येत नाही. |क्ष² − ४| = |क्ष − २| · |क्ष + २| यातल्या दुसऱ्या अवयवाला आधी आवर घालावा लागतो. क्ष आणि २ यांतले अंतर १ पेक्षा कमी ठेवले, तर क्ष हा १ आणि ३ यांच्या मध्ये राहतो आणि |क्ष + २| हे ५ पेक्षा कमी होते. म्हणून १ आणि एप्सिलॉन / ५ यांपैकी लहान असेल तो डेल्टा.

ध्रुव रेषा:
ही व्याख्या एका दिवसात घडलेली नाही. बोल्झानो या गणितज्ञाने १८१७ मध्ये आणि कोशीने १८२१ मध्ये सातत्याचा विचार मांडला, तर आजचे काटेकोर रूप वायरश्ट्रासच्या व्याख्यानांतून रूढ झाले. विद्यार्थ्यांनी हा इतिहास अवश्य वाचावा.

सरळमार्गी:
बारा दिवसांत इतिहास कशाला? वीस महत्त्वाच्या सिद्धता पाठ कराव्यात, मी तसेच उत्तीर्ण झालो.

लंबक:
मला हे पटत नाही. पाठ करणारा त्या १ ला पवित्र मानून बसतो. १ ऐवजी अर्धा घेतला, तर |क्ष + २| हे ४.५ पेक्षा कमी होते आणि डेल्टा अर्धा व एप्सिलॉन / ४.५ यांपैकी लहान होतो. तीही सिद्धता तितकीच खरी आहे.

सरळमार्गी:
घाबरलेल्या मुलीला परीक्षेत दोन-दोन पर्याय सुचणार आहेत का? हाताशी एक तरी वाट पक्की असावी.

जुनी पाटी:
शोध उलट दिशेने होतो आणि लेखन सुलट दिशेने, हा खरा मुद्दा आहे. कच्चे काम वहीच्या मागच्या पानावर साध्याकडून मागे येत करा, परंतु पक्के लेखन "एप्सिलॉन > ० दिलेला आहे" येथूनच सुरू झाले पाहिजे. फळ्यावर दिसते ते पक्के लेखन असते, म्हणून डेल्टा आभाळातून पडल्यासारखा वाटतो.

अंगणवेल:
गणितात एम.एस्सी. करावे की संख्याशास्त्रात, याबद्दलही कोणी सांगेल का?

पाऊलवाट:
आता क्ष = ३ पाशी करून पाहिले. क्ष हा २ आणि ४ यांच्या मध्ये ठेवला, म्हणून |क्ष + ३| हे ७ पेक्षा कमी. डेल्टा १ आणि एप्सिलॉन / ७ यांपैकी लहान घेतला. म्हणून |क्ष² − ९| हे एप्सिलॉनपेक्षा कमी आहे. हे चालेल का?

लंबक:
निवड अगदी बरोबर आहे. फक्त क्ष डेल्टाच्या आधी आला आहे. डेल्टाचे वाक्य सर्वांत वर न्या आणि त्याखाली "आता |क्ष − ३| < डेल्टा असा कोणताही क्ष घेऊ" असे लिहा, मग पुन्हा येथे टाका.