ईकेएसची अ‍ॅडऑन यादी रिकामी येतेय, पण पॉड तर धावताहेत!

रात्रपाळी_विक्रोळी · गुरुवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. ऑफिसची गाडी साडेबाराला आहे, तोवर विचारून घेते.

क्लायंटला ऑडिटसाठी आमच्या ११ ईकेएस (एडब्ल्यूएस म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची कुबेरनेटीस सेवा) क्लस्टरवर, म्हणजे सर्व्हरच्या गटांवर, कुठले जोडसॉफ्टवेअर म्हणजे अ‍ॅडऑन कुठल्या व्हर्जनचे आहेत, याचा तक्ता हवाय. सोमवारी सकाळी. कन्सोलवर एकेक क्लस्टर उघडत बसायचा कंटाळा, म्हणून पायथनमध्ये चिमुकली स्क्रिप्ट लिहिली: क्लस्टरांची नावं घ्यायची, प्रत्येकाला लिस्ट-अ‍ॅडऑन्सचा कॉल मारायचा, येईल ते शीटमध्ये ओतायचं. ७ क्लस्टर झकास. उरलेल्या ४ ना एरर नाही, काही नाही, नुसते दोन चौकटी कंस. आणि त्याच चौघांवर क्यूबसीटीएलने (थेट क्लस्टरच्या आत बघायची कमांड) डोकावलं तर कोअरडीएनएस (नावावरून पत्ता शोधणारं), क्यूब-प्रॉक्सी, एडब्ल्यूएस-नोड (हे दोघे नेटवर्कचे) यांचे पॉड, म्हणजे चालू प्रोग्रॅम, सगळे ठणठणीत. अहो, त्यांच्यावर पेमेंटचं काम चालतं!

शिवाय जिथे यादी येते तिथेही नुसती नावं, व्हर्जन नाही. काही पॅरामीटर राहतोय का?

आमचे साहेब म्हणतात, "यादीत नाही म्हणजे इन्स्टॉल नाही. कन्सोलवरून टाक आणि मोकळी हो." माझा हात धजत नाहीये.

कांदेपोहे · गुरुवार, रात्री ११:५१

रीजन बघा. स्क्रिप्टमध्ये मुंबई म्हणजे एपी-साउथ-१ आणि ते चार हैदराबादला, म्हणजे एपी-साउथ-२ ला असतील. आमच्याकडे हेच झालं होतं.

रात्रपाळी_विक्रोळी · गुरुवार, रात्री ११:५८

सगळ्यात आधी तेच पाहिलं. रीजन चुकला की क्लस्टरच सापडत नाही म्हणून तोंडावर एरर येते, रिकामी यादी नाही. परवानगी नसली तरी अ‍ॅक्सेस डिनाइड येतो. इथे कॉल यशस्वी आहे, हीच तर भानगड.

मुलुंडचे_काका · शुक्रवार, सकाळी ७:५२

ताई, पहिलं काम: साहेबांना चहा पाजा आणि ते बटण कुणालाही दाबू देऊ नका.

लोकलमधून फोनवर लिहितोय. कमांडची नावं देवनागरीत आहेत, कॉपी करून टर्मिनलला चिकटवू नका म्हणजे झालं.

तुमची यादी खोटं बोलत नाहीये, तिला विचारलेला प्रश्नच वेगळा आहे. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये फक्त नोंद केलेले सभासद असतात. तिसऱ्या मजल्यावर नोंद न करता राहणारा भाडेकरू त्यात दिसत नाही, पण सकाळी पाणी तोही भरतोच. लिस्ट-अ‍ॅडऑन्स ते रजिस्टर वाचतं. ईकेएस स्वतः ज्यांची देखभाल करतं तेवढेच अ‍ॅडऑन त्यात. क्लस्टरच्या आत काय धावतंय ते हा कॉल बघतच नाही.

ही सोय आली २०२० च्या डिसेंबरात. पण आजही एडब्ल्यूएसच्या कमांडलाइनने नुसता क्लस्टर बनवला की व्हीपीसी-सीएनआय, क्यूब-प्रॉक्सी आणि कोअरडीएनएस हे तिघे आपोआप बसतात ते "सेल्फ-मॅनेज्ड" म्हणून, रजिस्टरबाहेर. कन्सोलवरून बनवताना अ‍ॅडऑन निवडले असतील तर नोंद होते. माझी पैज: ते चार क्लस्टर कुणीतरी जुन्या शेल स्क्रिप्टने उभे केले असणार आणि तो माणूस आता तुमच्याकडे नसणार.

नावांचा घोळही लक्षात ठेवा. एपीआयमध्ये जो व्हीपीसी-सीएनआय, तोच क्लस्टरच्या आत एडब्ल्यूएस-नोड नावाचा डेमनसेट (प्रत्येक नोडवर, म्हणजे सर्व्हरवर, एकेक पॉड चालवणारा). दोन याद्या जुळवताना माझी एक अख्खी दुपार यात गेली होती. हेल्मने (कुबेरनेटीसचा पॅकेज मॅनेजर) टाकलेलं काहीही या यादीत येणार नाही, त्यासाठी सगळ्या नेमस्पेसची (क्लस्टरमधल्या कप्प्यांची) हेल्म लिस्ट वेगळी काढा. संशय आला तर डिप्लॉयमेंटचं यामल (त्याची सेटिंग) मॅनेज्ड फील्ड्ससकट (कुठला भाग कोण सांभाळतं त्या नोंदींसकट) बघा: मॅनेजर म्हणून ईकेएस दिसलं तर तो नोंदणीकृत.

आता बटणाबद्दल. आधीच्या एका कंपनीत मीच हा पराक्रम केलाय. कोअरडीएनएस यादीत नव्हतं म्हणून "रीतसर" टाकायला गेलो. पहिल्यांदा कॉन्फ्लिक्ट आला. मी शहाणा, रिझॉल्व्ह-कॉन्फ्लिक्ट्सला ओव्हरराइट दिलं, म्हणजे जुनं पुसून नवं लिही. आमच्या कोअरफाइलमध्ये (कोअरडीएनएसच्या सेटिंगची फाइल) ऑफिसच्या आतल्या डोमेनसाठी फॉरवर्डच्या चार ओळी कुणीतरी हाताने घातलेल्या. गेल्या. पॉड हिरवेगार, अ‍ॅडऑन अ‍ॅक्टिव्ह आणि डेटाबेसचं नाव कुणालाच सापडेना. बाहेर जुलैचा पाऊस, रूळांवर पाणी, घरी जायचा प्रश्नच नव्हता. रात्रभर तिथेच बसून शेवटी कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये जुनी कोअरफाइल सापडली तेव्हा पहाटेचे चार वाजले होते.

म्हणून नोंदणी करायचीच असेल तर आधी कोअरफाइलची कॉपी काढा, त्या ओळी अ‍ॅडऑनच्या कॉन्फिगरेशन व्हॅल्यूजमध्ये घाला, टेस्टच्या क्लस्टरवर करून बघा आणि मगच पेमेंटवाल्याकडे वळा. सोमवारच्या तक्त्यासाठी यातलं काहीच करायची गरज नाही. तक्त्यात "देखभाल कुणाची" असा एक रकाना वाढवा, बस.

घाटकोपर आलं. उतरतो.

बॅकएंडची_बाई · शुक्रवार, सकाळी १०:१५

काकांनी व्हर्जनचं राहू दिलं, म्हणून लिहिते. पॅरामीटर राहिलेला नाही, लिस्टचा कॉल नावंच देतो. प्रत्येक नावासाठी डिस्क्राइब-अ‍ॅडऑन मारा. त्यात व्हर्जन, स्टेटस आणि हेल्थ इश्यूज मिळतात. डिस्क्राइब-अ‍ॅडऑन-व्हर्जन्स हे निराळं प्रकरण, ते उपलब्ध असलेली व्हर्जन सांगतं. आमच्या एका पोराने तेच "इन्स्टॉल केलेलं" समजून तक्ता भरला होता.

स्टेटस डीग्रेडेड दिसलं तर घाबरू नका, हेल्थ इश्यूज वाचा. नोड शून्यावर आणलेल्या टेस्ट क्लस्टरवर कोअरडीएनएस असंच रडतं, पॉडना बसायला जागाच नसते. पानांची काळजीही नको: एका कॉलला १०० पर्यंत नावं येतात, त्यापुढच्या पानासाठी नेक्स्टटोकन.

सेल्फ-मॅनेज्डवाल्यांचं व्हर्जन मात्र पॉड ज्या इमेजवरून चालतो तिच्या टॅगवरून घ्यावं लागेल. ते नक्की बघा. क्लस्टर वरच्या व्हर्जनला नेला म्हणून हे तिघे मागोमाग चढत नाहीत.

रात्रपाळी_विक्रोळी · शनिवार, दुपारी १:२०

काका, पैज जिंकलात. चारही २०२१ चे, गिटमध्ये शेल स्क्रिप्ट सापडली, लिहिणारा केव्हाच कॅनडाला.

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. ११ च्या ११ भरले, रकाना वाढवला. बॅकएंडताई, बरं झालं टॅग बघायला सांगितलंत. चारपैकी एक क्लस्टर १.३० वर आणि त्यातलं क्यूब-प्रॉक्सी अजून १.२६ वर. कुबेरनेटीसच्या नियमाने तीनपर्यंत मागे चालतं, हे चार मागे! कुणाच्या गावीही नव्हतं. आणि कोअरफाइल उघडली तर आत हाताने घातलेल्या सहा ओळी.

साहेबांना त्या ओळी दाखवल्या. बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले, मग म्हणाले, "हे आपल्याकडे कुणी घातलं?"

गिट ब्लेममध्ये (कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवतं) साहेबांचंच नाव आहे. सोमवारी सांगू की नको, तेवढं सांगा.

मुलुंडचे_काका · शनिवार, दुपारी १:३४

अप्रेझल झाल्यावर.