कॉलेज सुरू होऊन महिना होत आला तरी अजून रुळलोच नाहीये, काय करू?

नवा_गडी

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. फर्स्ट इयरला आहे, घरापासून लांब, होस्टेलवर. यायच्या आधी ज्याला त्याला विचारलं तो हेच सांगायचा की कॉलेजचे दिवस म्हणजे नुसती धमाल, त्यामुळे मी पण जाम खुशीत आलो होतो, आणि इथे बघतो तर दिवसभर माणसांत असून बोलायला कोणी नाही. सगळ्यांचे ग्रुप झालेत, कसे आणि कधी झाले देव जाणे. लेक्चर संपलं की पोरं घोळक्याने बाहेर पडतात, आणि मी आपला बॅगेची चेन उगाच हळूहळू लावत बसतो, म्हणजे एकटाच निघालोय असं दिसायला नको.

दुसरं म्हणजे अभ्यास. शाळेत कायम पहिल्या दोघातिघांत असायचो, इथे वर्गात सगळं कळतं, सर फळ्यावर गणित सोडवतात तेव्हा मी मान डोलवत असतो, पण रूमवर येऊन तेच गणित वहीत करायला घेतलं की दुसऱ्याच ओळीला गाडी अडते. मग मोबाईल हातात घेतो आणि रात्रीचे दोन कधी वाजतात कळत नाही. सकाळच्या लेक्चरला डोळे उघडत नाहीत. घरी फोनवर "सगळं मस्त चाललंय" सांगतो. हे सगळ्यांचंच होतं का मीच मागे पडतोय?

मागचा_बाक

होतं रे, अगदी ज्यांचे ग्रुप बघून तुला वाईट वाटतंय त्यांचं पण होतं. पहिल्या महिन्यातले ग्रुप म्हणजे रेल्वेच्या डब्यातली ओळख, शेजारी जो बसला तो आपला, आणि पहिली परीक्षा झाली की निम्मे ग्रुप आपोआप फुटतात आणि नव्याने जुळवाजुळव होते. तेव्हा उशीर झालाय हे डोक्यातून काढ आधी.

जेफ्री हॉल म्हणून अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले प्राध्यापक आहेत, त्यांनी 2018 मध्ये यावर अभ्यास केला होता, त्यात कॉलेजला नुकतेच आलेले विद्यार्थी पण होते. त्यांचा अंदाज असा की नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण 50 तास एकत्र घालवावे लागतात आणि जिवलग म्हणावं असं कोणी व्हायला 200 च्या वर. आणि गोम अशी की नुसतं कामापुरतं एकत्र असणं त्यात फारसं धरलं जात नाही. म्हणजे लेक्चरला शेजारी बसून समोर बघत राहिलास तर ते तास कामाचे नाहीत, निवांत गप्पा मारलेले तास कामाचे. आता तूच हिशोब कर, महिनाभर "हाय", "बाय", "नोट्स आहेत का" एवढ्यावर किती तास भरले असतील?

करायचं काय तर दोन लेक्चरच्या मधला रिकामा वेळ रूमवर जाऊन घालवू नकोस. प्रॅक्टिकलला जो पार्टनर आहे त्याला सरळ विचार, "जर्नल लिहायला आत्ता लायब्ररीत बसायचं का?" "कधीतरी भेटू" असं म्हणू नकोस, कधीतरी कधीच येत नाही. आणि क्लब एकच पकड पण असा पकड जिथे दर आठवड्याला हाताला काम असतं, नाटकाचं बॅकस्टेज म्हण, मॅगझिन म्हण. खिळे ठोकताना बोलायला विषय शोधावा लागत नाही, बुजऱ्या माणसाची फार सोय होते.

खडूवाली

मी शिकवते, त्यामुळे मैत्रीचं बाकीच्यांवर सोडते आणि अभ्यासाचं बोलते. "वर्गात कळतं, घरी येत नाही" हे वाक्य दर वर्षी ऐकते आणि ते म्हणणारी मुलं बहुतेक वेळा हुशारच असतात. वर्गात जे कळतं ते आम्ही सोडवलेलं कळतं, पुढची पायरी काय घ्यायची हे आम्ही ठरवलेलं असतं, तुम्ही फक्त ती बरोबर आहे का एवढंच बघत असता. घरी तीच पायरी स्वतः सुचावी लागते, आणि ते वेगळंच काम आहे. शाळेत हा फरक जाणवत नाही कारण तिथे एकच प्रकार आठवडाभर घोटून घेतात, इथे एका तासात धडा संपतो.

वाचून वाचून पाठ करायची सवय असेल तर ती पण बदल. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले, काहींनी ते पुन्हा वाचले आणि काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर घेतली तेव्हा त्यांना साधारण 42 टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना 56. म्हणून वाचल्यावर "आलं आलं" वाटतं त्यावर विश्वास ठेवू नकोस. लेक्चर झालं त्याच दिवशी वही मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही, मग वही उघडून राहिलेलं वेगळ्या रंगाने भर. कंटाळवाणं आहे, माहितीये. पण वेगळ्या रंगात जे दिसेल तेवढाच तुझा अभ्यास राहिलेला असतो, बाकीच्यावर वेळ घालवायची गरज नाही.

आणि अडलं तर सरांना जाऊन भेट. आमच्या केबिनमध्ये परीक्षेच्या आदल्या दिवशी रांग लागते आणि एरवी कोणी कुत्रं फिरकत नाही.

रातकिडा

झोपेचं कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो. वीस वर्षांच्या आसपासपर्यंत शरीराचं घड्याळ मुळातच पुढे सरकलेलं असतं, म्हणून रात्री उशिरापर्यंत टक्क जाग आणि सकाळी मढं, हा निव्वळ आळस नाही. पण म्हणून कॉलेज काय लेक्चर दुपारी ठेवणार नाही. 18 ते 25 वयाला 7 ते 9 तास झोप सांगतात, तुझी पाच पण होत नसणार. सुट्टीच्या दिवशी दुपारी बारापर्यंत ताणून दिलीस तर सोमवारी परत बोंब, त्यामुळे उठायची वेळ रोज साधारण तीच ठेव आणि उठल्या उठल्या बाहेर उजेडात जा, झोपायची वेळ मग हळूहळू आपली आपण अलीकडे येते. मोबाईल उशाखाली नको, टेबलावर, हात पोचणार नाही असा.

उगाचच

वरचं सगळं पटलं पण एक सांगू का, "हे जॉईन कर, त्याला विचार" हे ऐकायला सोपं आहे, ज्याला आत्ता रडू येतंय त्याला नाही. आधी घरी खरं सांग. रोज "मस्त चाललंय" म्हणायला पण ताकद लागते, आणि फोन ठेवल्यावर जास्तच पोकळ वाटतं. आईला अर्धं कळलेलंच असतं. दर शनिवार-रविवार घरी पळू नकोस एवढं मात्र खरं, कारण इथल्या पोरांना मोकळा वेळ तेव्हाच असतो, पण मन फारच उठलं तर एकदा जाऊन ये की, त्यात काय मोठं. आणि अजून दोनतीन आठवड्यांनी पण कशातच मन लागत नसेल, भूक-झोप गेली असेल, तर कॉलेजमध्ये समुपदेशक असतात त्यांच्याकडे जा, परीक्षा जवळ यायची वाट बघू नकोस.

नवा_गडी

सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच बरं वाटलं. @उगाचच, आज आईशी बोललो, ती म्हणे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं 😅 @खडूवाली मॅडम, सरांकडे जाऊन नक्की म्हणायचं काय? "काहीच कळत नाही" असं म्हटलं तर ते चिडतील ना? आणि अजून एक, रूममेट रात्री लाईट लावून गेम खेळत बसतो, मग लवकर झोपायचं कसं?

खडूवाली

"काहीच कळत नाही" याला आम्ही तरी काय उत्तर देणार? अर्धवट सोडवलेलं गणित घेऊन जा आणि बोट ठेवून सांग, इथपर्यंत आलं, ही ओळ कुठून आली ते कळलं नाही. पाच मिनिटांचं काम असतं, चिडायला वेळ पण मिळत नाही.

मागचा_बाक

रूममेटशी रात्री दोन वाजता बोलू नकोस, तेव्हा तू वैतागलेला असतोस आणि तो मॅच हरत असतो. दिवसा बोल, आणि "तू फार त्रास देतोस" याच्याऐवजी वेळ ठरवून टाक, बारानंतर मोठा लाईट बंद, त्याने टेबल लॅम्प आणि हेडफोन वापरायचे. तुझा अलार्म पाच वेळा वाजत असेल तर तो पण तुला काहीतरी ऐकवणार आहे, तयारीत जा 😄