लुटुपुटूचं राज्य, खरीखुरी मतं: तुमच्या लहानपणची निवडणूक सांगा

शहापूरकरीण
परवा माळा आवरताना बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा सापडला. झाकण गंजून घट्ट बसलेलं, उलथन्यानं उचकटलं. आत चिठ्ठ्या. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांचे तुकडे आणि प्रत्येकावर पेन्सिलीनं काढलेलं एकेक चित्र: कैरी, कंदील, झोपाळा, मांजर. मी शिडीवरच बसून राहिले. चिंचराज्याची सार्वत्रिक निवडणूक! १९९६ची उन्हाळी सुट्टी.

त्या वर्षी बेळगावात लोकसभेला ४५६ उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नाकडं दिल्लीचं लक्ष जावं म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीनं ढिगानं अर्ज भरायला लावले होते. मोठ्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. मग आम्ही पोरांनीही वाड्यात राज्य काढलं. परसात चिंच होती, म्हणून चिंचराज्य. आमचे अज्जा राजे. बेळगावातलं आमचं शहापूर पूर्वी सांगली संस्थानात, त्यामुळं अज्जांना खऱ्या राजांचा काळ माहीत. पुठ्ठ्याचा मुकुट घेऊन गेलो तर म्हणाले, "घालतो. पण हुकूम मी सोडणार नाही. हुकूम निवडून आलेल्यांनी काढायचा, मी फक्त सही करायची." आम्हाला काही कळलं नाही. मुकुट मात्र घातला त्यांनी.

मतदार चौदा, उमेदवार अकरा! सोप्यावर परात ठेवून मोजणी. अकरा जणांनी आपापल्यालाच मत दिलेलं. उरली तीन चिल्लीपिल्ली, त्यांची दोन मतं मांजराला आणि एक कैरीला. मांजर तीन, कैरी दोन, बाकी सगळे एकेक. कैरी म्हणजे मी. मांजर म्हणजे मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या विणकरांची मुलगी. घरी कन्नड बोलायचे ते. लहानग्यांना ती कडेवर घेऊन फिरायची, म्हणून ती दोन मतं.

मोठी मुलं म्हणाली, हिला मराठी लिहायला येत नाही, ही कशी प्रधान होणार? सगळे अज्जांकडं पळाले, तुम्हीच ठरवा म्हणून. अज्जा म्हणाले, "राजानं निवडायचं नसतं. आठ जण ज्याच्यामागं उभे राहतील त्याला माझ्याकडं आणा, मी बोलावतो." संध्याकाळभर अंगणात घासाघीस चालली. शेवटी ती म्हणाली, झोपाळा सगळ्यांना, सारखे झोके, मी मोजते. आणि लगेच मोजून दाखवायला लागली, ओंदु, एरडु, मूरु... नऊ जण तिच्यामागं जाऊन उभे राहिले. मी नाही राहिले. पुढं दोन दिवस बोललेही नाही तिच्याशी. डबा उघडल्यापासून तेच मनात घोळतंय.

दुसऱ्या दिवशी राजांचं भाषण. ते लिहिलं होतं सरकारनं, म्हणजे तिनं सांगितलं आणि माझ्या चुलतभावानं उतरवलं. अज्जा बंडी-धोतरावर, डोक्यावर मुकुट, आणि पोथी वाचतात त्याच आवाजात: "माझे सरकार दुपारी चार वाजता सर्वांना ताक देईल. माझे सरकार महाराजांना दुपारी मोठ्याने घोरू देणार नाही." एक शब्द गाळला नाही त्यांनी. नंतर सांगितलं, इंग्लंडात राणीसुद्धा असंच वाचते. भाषण तिचं नसतं, सरकारचं असतं, पण वाचावं तिलाच लागतं.

आणि शाई. चुलतभावानं अज्जीच्या औषधाच्या फडताळातला बिब्बा आणला. धोबी त्यानं कपड्यावर खूण करतो आणि ती जात नाही, हे त्याला ठाऊक होतं. सुई तापवून टोचली आणि काळा थेंब चौदा जणांच्या डाव्या तर्जनीवर. रात्री चौदाही बोटं उतली. फोड, खाज, रडारड. माझ्या बोटावर अजून फिकट डाग आहे, खऱ्या मतदानाची शाई त्याच्यावरच लागते.

तुम्ही खेळलाय असं काही? शाळेत, गल्लीत, घरात, कुठंही. लिहा.

निपाणीकर
बिब्बा!!! अगे बाई. आमच्या मावशीला एकदा नुसता धूर लागला होता तर तोंड सुजून डोळे उघडेनात. चौदा पोरं म्हणजे अज्जीनं रात्र कशी काढली असेल? खोबरं चावून लावलं काय?

शहापूरकरीण
खोबरंच. दोन वाट्या खोबरं संपलं त्या रात्री. अज्जी चावत होती आणि आई लावत होती. अज्जी कुणालाच रागावली नाही हो, चुलतभावालासुद्धा. त्याचं बोट सगळ्यात जास्त उतलं होतं.

खानापूर_जांबोटी
४५६ वाचलं आणि बाबा आठवले. त्यांना मोजणीची ड्युटी लागली होती. घरी आले ते खांदे धरूनच. मतपत्रिका उलगडायची, शिक्का शोधायचा, परत घडी घालायची, आणि असं हजारो वेळा. मी नऊ वर्षांचा, त्यांच्या पाठीला तेल चोळत बसलो होतो. तेव्हा अनामत ५०० रुपये होती म्हणून एवढे लोक उभे राहू शकले. त्याच वर्षी कायदा बदलून १०,००० केली, आता २५,००० आहे.

आमचं मत त्यात नव्हतंच म्हणा. खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यात पण लोकसभेला उत्तर कन्नड. बाजार, दवाखाना, कॉलेज सगळं बेळगावला आणि मत द्यायचं कारवारकडच्या खासदाराला. लहानपणी मला हे काही केल्या समजत नव्हतं.

विषयाला धरून: नाही, आम्ही निवडणूक खेळलो नाही. पावसात शाळेलाच सुट्टी असायची, कुठली मंत्रिमंडळं.

मास्तरीणबाई
आठवीला नागरिकशास्त्र शिकवते, म्हणून हा धागा फार जवळचा वाटला. दोन वर्षांपूर्वी वर्गात एक राज्य काढलं. राजा आहे, संविधान आहे, निवडणूक घ्यायची आहे, असं सांगितलं. पहिलाच प्रश्न मागच्या बाकावरनं: "बाई, राजा मत देतो काय?" म्हटलं, इंग्लंडात राजाला कायद्यानं बंदी नाही, पण तो देत नाही, तशी प्रथा आहे. त्यावर पोरगा म्हणाला, "मग राजा एकटाच घरी बसणार त्या दिवशी?" फार वाईट वाटलं त्याला राजाचं.

भूतानचं सांगितलं तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला. तिथं राजांनी स्वतःहून अधिकार सोडून निवडणूक आणली, आणि लोकांना सवय व्हावी म्हणून २००७ साली आधी खोटी निवडणूक घेतली. पक्ष खोटेच, निळा, लाल, हिरवा, पिवळा. पण माणसं खरी, रांगा खऱ्या, मोजणी खरी. पिवळा म्हणजे परंपरा जपणारा. दुसऱ्या फेरीत ४७ पैकी ४६ जागी पिवळाच जिंकला! खरी निवडणूक मग मार्च २००८ला झाली.

माझ्या वर्गात मात्र पिवळा हरला. डब्यात रोज काय आणायचं ते सरकार ठरवेल म्हणाला होता.

कुंद्याची_वाटी
मास्तरीणबाई, तो मागच्या बाकावरचा पोरगा कुठाय आता? त्याला माझ्याकडनं कुंदा 😊

मास्तरीणबाई
दहावीला आहे. अभ्यास कर म्हणून सांगा त्याला, कुंदा नंतर.

विहिरीकाठ
शाळेत मंत्रिमंडळ निवडायचे दरवर्षी. सातवीत मी आरोग्यमंत्रीपदाला उभी होते. माझं मत मी मैत्रिणीला दिलं, ती पण उभी होती आणि रडवेली झाली होती. मोजणी झाली, फळ्यावर माझ्या नावापुढं एकच रेघ. सगळे म्हणाले स्वतःचं स्वतःला दिलं बघ. मी कुणाला सांगितलं नाही की ते माझं नव्हतं. वर्गात बत्तीस जण. आज त्रेचाळीस वर्षांची आहे, अजून कधी रात्री झोप लागली नाही की एकेकाचा चेहरा आठवत बसते. कुणी दिलं असेल?

निपाणीकर
विहिरीकाठ ताई, हे वाचून चहा गार झाला माझा.

उचगाववाला
शाईवरनं आठवलं. निवडणुकीची शाई म्हैसूरच्या कारखान्यातनं येते, १९६२ पासून. तो कारखाना १९३७ साली म्हैसूरच्या महाराजांनी, नाल्वडी कृष्णराजांनी काढलेला. म्हणजे राजा गेला आणि त्याच्या कारखान्याची शाई मतदारांच्या बोटाला. आमच्या वडिलांना ही गोष्ट फार आवडायची, मतदानाच्या दिवशी दरवेळी सांगायचे. शेवटच्या वेळी त्यांना खुर्चीत बसवून नेलं होतं. घरी आल्यावर बोट धुवू देईनात.

पाठकोरं_पान
शहापूरकरीण, तुमच्या अज्जांचं "मी फक्त सही करायची" वाचून आमचे आजोबा आठवले. ते औंधचे. तिथल्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यकारभार प्रजेकडं दिला, गावच्या पंचायतीपासून वरपर्यंत. आजोबा तेव्हा शाळकरी. सांगायचे की गावातली जुनी माणसं घाबरली होती, राजाच नाही म्हणतोय तर आता गाऱ्हाणं सांगायचं कुणाला? नंतर पिंपळाखाली बैठका सुरू झाल्या आणि गाऱ्हाणी तिथंच सुटायला लागली.

तुमच्या अज्जांनी औंधचं ऐकलं असणार असं मला उगाच वाटतंय.

शहापूरकरीण
असेलही हो! विचारायला हवं होतं. किती गोष्टी विचारायच्या राहून गेल्या.

कुंद्याची_वाटी
अहो पण झोपाळ्याचं काय झालं? झोके मोजले काय खरंच?

शहापूरकरीण
सुट्टी संपेपर्यंत मोजले. प्रत्येकाला वीस. ती स्वतः शेवटी बसायची. पाचव्या दिवसापासून वाड्यातली सगळी पोरं कन्नडमध्येच मोजायला लागली, आई रागवायची तरी. माझे वीस अजून "इप्पत्तु" असेच डोक्यात येतात.

खानापूर_जांबोटी
आणि ती कुठं असते आता?

शहापूरकरीण
लग्न होऊन इलकलला गेली. डबा सापडला त्याच रात्री नंबर मिळवून फोन केला. सॉरी म्हणायचं होतं, तिच्यामागं उभी राहिले नाही त्याबद्दल. तिला ते आठवतच नव्हतं. "काय करूलालीस गे, अज्जा कसे गेले, झोपाळा आहे काय अजून?" हेच विचारत राहिली. झोपाळ्याची फळी नाही राहिली, कड्या आहेत म्हटलं. तर म्हणाली, कड्या विकू नको.

उचगाववाला
पितळी असतील तर खरंच विकू नका, असल्या कड्या आता मिळत नाहीत. आमच्या वाड्यातल्या भंगारात गेल्या, अजून जीव तुटतो.

विहिरीकाठ
फळी मी देते. जुन्या सागवानाची आहे, आमच्या परसात पडून आहे. खरंच सांगतेय. शहापूरलाच येणार आहे पुढच्या आठवड्यात.

शहापूरकरीण
या की! जेवायलाच या. शिवारातला बासमती आहे घरचा.

निपाणीकर
आधी त्या चिठ्ठ्यांचा फोटो टाका हो कुणीतरी. मांजर बघायचंय.

शहापूरकरीण
डबा लेकीच्या खोलीत आहे, ती झोपलीय. सकाळी टाकते.