विषय: कोकणातल्या मुलांच्या शिक्षणासाठी जमलेला निधी

नमस्कार काका,
आपल्या इथल्या, परदेशातल्या मंडळात गणपतीत जमलेल्या शिक्षणनिधीवरून कार्यकारिणीत दोन मतं पडली आहेत. सगळा यंदाच मुलांच्या फीसाठी वाटायचा, की आयटीआयला एखादं यंत्र घेऊन द्यायचं? तुम्ही रत्नागिरीत आहात, तुमचं मत कळवा.
– कोषाध्यक्ष

ताई,
माझं मत विचाराल तर दोन्ही नको. मुद्दल मोडू नका. ते तिकडेच मंडळाच्या नावावर ठेवा आणि दरवर्षी व्याज इकडे पाठवा. रक्कम लहान होईल, पण दुसऱ्या वर्षाला गेलेल्या मुलाला ‘यंदा पैसे नाहीत’ असं सांगायची वेळ येणार नाही.

फीपेक्षा राहण्याजेवणाचा खर्च जड जातो. 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी 2024 पासून सरकार भरतं. अडतं ते खोलीभाड्यावर आणि मेसवर. मंडणगडची मुलगी रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात रोज येऊन-जाऊन कशी शिकेल? तिची मेस भरा.

आयटीआयचं वेगळं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. बोटी किनाऱ्याला लागतात, मिरकरवाड्याला, हर्णैला नाखवे इंजिनांची कामं काढतात. डिझेल मेकॅनिकच्या पोरांना हाताला वळण लागायला याहून चांगली जागा नाही. त्या दोन महिन्यांचा जेवणाखाण्याचा भत्ता मंडळाने द्यावा. यंत्र दिलंत तर पुढे सुटे भाग आणि दुरुस्ती कोण बघणार?

आणि हे आधी बघा: परदेशात नोंदलेल्या मंडळाचे पैसे इथे परकीय निधी ठरतात. घेणाऱ्या संस्थेला एफसीआरए (परकीय देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात, आणि 2020 च्या दुरुस्तीपासून ते दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत. त्यामुळे मोठ्या संस्थेमार्फत गावच्या ट्रस्टला द्यायचा बेत सोडा. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी मात्र यात मोडत नाही.
– काका

काका,
मुद्दल न मोडण्याचा ठराव पुढच्या बैठकीत मांडते. भारतीय पासपोर्टवाल्यांची यादीही करायला घेते. मेसचे पैसे संस्थेने मेसवाल्यांना द्यावेत की मुलीच्या खात्यात?

ताई,
मुलीच्या खात्यात, महिन्याच्या महिन्याला. वर्षाचे एकदम दिले तर घरच्या अडीनडीला आधी तेच काढले जातात.