जिम्नी, लिफ्ट न करता मोठे टायर: २१५/७५ की २३५/७५?

जावळीची_डॉक्टर (सातारा)

नमस्कार मंडळी. मी जनावरांची डॉक्टर. राहायला साताऱ्यात, काम सगळं जावळीत, मेढ्यापासून बामणोलीकडच्या वाड्यांपर्यंत. गाडी मारुतीची पाच दारांची जिम्नी, २०२३ ची, मॅन्युअल. कंपनीतून आलेले १९५/८० आर १५ टायर झिजलेत, पावसाच्या आत बदलायचेत.

गेल्या जुलैत रात्री अकराला फोन आला, म्हैस अडलीय, रेडकू आडवं आहे. डांबर संपल्यावर वाडीपर्यंत अर्धा किलोमीटर लाल मातीची चढण. फोर-लो (चारही चाकं ओढणारा, सगळ्यात जोराचा गिअर) टाकूनही गाडी अर्ध्यात थांबली. टायरच्या खाचा मातीनं लिंपून गुळगुळीत झालेल्या, चाकं जागच्या जागी फिरत होती. बॅग घेऊन चिखलातून चालत गेले. म्हैस वाचली, रेडकू गेलं. थोडं आधी पोचले असते तर, हे अजून मनातून जात नाही.

एक दुकानदार म्हणतो, "मॅडम, २३५/७५ टाका, आरामात बसतंय." दुसरा म्हणतो घासणार. लिफ्ट, म्हणजे स्प्रिंगा बदलून गाडी उंच करणं, करायची नाही, दिवसातून दहा वेळा मागच्या दारातून सामान काढावं लागतं आणि आरटीओच्या भानगडीत पडायचं नाही. स्टीअरिंग पूर्ण वळवलं किंवा खड्ड्यात आदळलं तरी घासणार नाही असा टायर कोणता? ज्यांनी स्वतः वापरलेत त्यांनी सांगा.

कृष्णाकाठ (सांगली)

डॉक्टर ताई, माझ्या जिम्नीला दीड वर्ष २१५/७५ आर १५ ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे) आहेत. कंपनीच्याच रिमवर, लिफ्ट नाही, स्पेसर (चाक बाहेर काढायला मागं लावतात ती चकती) नाही. कुठंही घासत नाहीत.

आधी हिशेब बघा. १९५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, तिच्या ८० टक्के म्हणजे कडेची उंची १५६, वरची-खालची दोन्ही बाजू धरून ३१२, त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिळवले की ६९३ मिलिमीटर. हा तुमचा आत्ताचा टायर. तसाच २१५/७५ येतो साधारण ७०३ आणि २३५/७५ येतो ७३३. जमिनीपासूनची उंची वाढते ती यातल्या फरकाच्या निम्मी. म्हणजे २१५ नं पाच मिलिमीटर आणि २३५ नं वीस.

पाच मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, हे मी आधीच सांगतो. ऊसतोड सुरू झाली की आमच्या काळ्या मातीच्या पाणंदीत ट्रॉल्यांच्या चाकोऱ्या गुडघाभर होतात, तिथं डिफरन्शियलचा (अ‍ॅक्सलवरच्या गिअरपेटीचा) गोळा मधल्या वरंब्याला टेकतो, माझाही टेकलाय. तो गोळा लिफ्ट करूनही वर जात नाही, लिफ्टनं फक्त बॉडी उचलते. तो वर जातो मोठ्या टायरनंच.

पण ताई, तुमची गाडी टेकली नव्हती, घसरली होती. तुम्हाला उंची नको, खाचा हव्यात. त्या ऑल-टेरेनच्या २१५ मध्ये मिळतात.

घाटवाट (कराड)

मी २३५/७५ टाकून सात महिन्यांत काढले, म्हणून लिहितो.

सरळ रस्त्यावर बसले, दुकानात तर छानच दिसले. घरी येऊन गल्लीत गाडी वळवताना पहिला आवाज आला. स्टीअरिंग पूर्ण वळवलं की टायरची आतली कड अ‍ॅक्सलला धरणाऱ्या दांडीला, म्हणजे रेडियस आर्मला, घासायची. वळलेल्या चाकाखाली दगड आला की बाहेरची कड बंपरच्या कोपऱ्याला आणि मडफ्लॅपला. मेकॅनिकनं स्टीअरिंगला अडवणारा स्टॉपर बोल्ट थोडा बाहेर घेऊन चाकाचं वळणंच कमी करून दिलं. घासणं थांबलं, पण केळघरच्या घाटात मागं-पुढं करायची पाळी आली. स्पेसरनं आतली बाजू सुटते, बाहेरची जास्त अडकते आणि बेअरिंगवर ताण येतो, तो नादच करू नका.

दुसरं म्हणजे रिम. जिम्नीचा रिम साडेपाच इंच रुंद. २३५/७५ ला किमान सहा इंची लागतो. २१५ ला साडेपाच चालतो. हे दुकानदार सांगत नाहीत आणि मला त्याचाच जास्त राग आहे, कारण अरुंद रिमवर टायर फुगून बसतो, वळणावर डुलतो. चिखलात हवा कमी केली की कड रिमवरून निसटायची भीती वाढते.

तिसरं, इंजिन दीड लिटरचं, १०५ पीएसचं. जड आणि मोठं चाक त्याला जाणवतं. यवतेश्वरच्या चढाला जिथं तिसरा गिअर ओढायचा तिथं दुसरा टाकावा लागला. स्पीडोमीटर मूळ टायरच्या मानानं साधारण सहा टक्के कमी वेग दाखवतो.

जावळीची_डॉक्टर

दोघांचे आभार. मग २१५ नक्की. पण ऑल-टेरेन की मड-टेरेन (खास चिखलाचे)? लाल माती तर ऑल-टेरेनमध्येही भरणार ना? आणि स्टेपनी जुनी ठेवली तर चालेल का? पाच टायर एकदम घेणं जड जातंय.

कृष्णाकाठ (सांगली)

भरणार. मड-टेरेनच्या रुंद खाचा फिरताना माती बाहेर फेकतात, त्या बाबतीत त्याच सरस. पण तुमचं रोजचं जाणं-येणं ओल्या डांबरावरून, घाटातून. तिथं मड-टेरेन ब्रेकला कमी पडतात. रात्रीबेरात्री एकटीनं गाडी चालवणाऱ्या माणसाला मी ऑल-टेरेनच सांगेन.

उरलेलं काम हवेनं करा. त्या चढणीच्या खाली थांबून १८-२० पीएसआयवर आणा, टायर पसरतो आणि धरतो. वर हळू जा, रेस करू नका. डांबरावर आल्याबरोबर छोट्या कॉम्प्रेसरनं दारावरच्या पट्टीत लिहिलेली हवा परत भरा. फक्त जांभा दगडाच्या वाटेवर हवा कमी करू नका, फुगलेली कड जांभ्याच्या धारेला लगेच कापते.

स्टेपनी पण २१५ च घ्या. जिम्नीचं फोर-व्हील पुढची-मागची चाकं एकत्र जखडतं, एक चाक वेगळ्या घेराचं असलं की ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढं-मागं ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर, येतो. पैसे पुढच्या महिन्यात होणार असतील तर तोपर्यंत जुनी ठेवा, पण ती लावली की टू-एचमध्येच, म्हणजे फोर-व्हील न लावता, घरी यायचं.

घेताना टायरवरचा भार-अंक बघा. तुमच्या जुन्यावर ९६ असेल, म्हणजे ७१० किलो. नवा त्याच्या खाली नको. २१५/७५ वर बहुतेक १०० असतो, ८०० किलो. विमा कंपनीलाही साईझ लेखी कळवा.

सड्यावरचा (पाटण)

एक विनंती. नवे टायर आले की चाळकेवाडीच्या, कासच्या सड्यावर (डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावर) गाडी घालायचा मोह सगळ्यांनाच होतो. डॉक्टर करणार नाहीत, पण वाचणारे बरेच आहेत. सड्यावरची माती बोटभर जाडीची, एकदा चाकोरी पडली की तिथली फुलं कित्येक वर्षं येत नाहीत. वाट असेल तिथंच गाडी.

आणि घासतंय का ते बघायची रीत: टायरच्या दोन्ही कडांना खडू फासा. एक पुढचं चाक दगडावर चढवा, दुसरं खाली लोंबू द्या, दोन्हीकडं पूर्ण वळवा. मग बाजू बदला. खडू कुठं उमटलाय ते टॉर्च लावून बघा. उमटला नाही तरी टायर आणि चाकावरच्या कमानीच्या आतल्या अस्तराच्या मध्ये बोट जाईल एवढी फट हवी, कारण पावसात तिथं माती थापली जाते.

जावळीची_डॉक्टर

काल पाच २१५/७५ बसवले, पाचव्याचे पैसे भावानं दिले. खडू फासून अंगणात दोन्ही बाजूंनी बघितलं. आत काही उमटलं नाही, डाव्या मडफ्लॅपच्या खालच्या टोकाला पुसटसा डाग आला. त्याचा स्क्रू ढिला होता, आवळल्यावर तोही गेला. स्टेपनी मागच्या दारावर असल्यानं ते किंचित जड लागतंय. पहिल्या मोठ्या पावसानंतर त्याच चढणीवर दिवसाउजेडी हवा कमी करून जाऊन येते आणि काय होतं ते इथं लिहिते.