शोधनिबंध नसला तरी अर्ज करा

काही जण म्हणतात की नावावर छापील शोधनिबंध नसेल तर अमेरिकेतल्या उन्हाळी संशोधन कार्यक्रमांना अर्ज करणं व्यर्थ आहे. हे मला मुळीच पटत नाही. पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाची पहिली ओळख व्हावी म्हणून तर हे कार्यक्रम निघाले. गणितज्ञ जोसेफ गॅलियन यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील डुलुथला १९७७ मध्ये गणिताचा असा कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून विद्यार्थ्यांना खरेखुरे न सुटलेले प्रश्न दिले जातात. आलेख सिद्धांत (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचा अभ्यास) किंवा चयनगणितातला (मोजणी आणि मांडणीच्या गणितातला) प्रश्न समजायला दोन-तीन अभ्यासक्रम पुरतात, सुटायला मात्र आठवडे लागतात. संगणकशास्त्रात बराचसा वेळ प्रयोग पुन्हा पुन्हा चालवण्यात जातो, त्याचीही तयारी हवी.

शिफारसपत्र नावाजलेल्या प्राध्यापकांपेक्षा ज्यांनी तुम्हाला एखाद्या प्रश्नाशी झुंजताना पाहिलंय त्यांच्याकडून घ्या. ते काहीतरी ठोस लिहू शकतात.

एक गोष्ट आधीच तपासा. नॅशनल सायन्स फाउंडेशन या अमेरिकी सरकारी निधीसंस्थेच्या पैशांतून चालणाऱ्या आरईयूमध्ये (पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या अशा संशोधन कार्यक्रमांमध्ये) विद्यावेतन अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांनाच मिळतं. बाकीच्यांनी प्रत्येक कार्यक्रमाची पात्रता नीट वाचावी, कारण काही ठिकाणी वेगळ्या निधीतून बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही घेतात.